विचारू नये ते

रहस्यकथेतल्या पोराला फारशी पात्रता लागत नाही. शूर नसला तरी चालतं, हुशार असला तर बरंच. नाक खुपसायची खोड मात्र हवी. फुरसुंगीचा बनेश फेणे आठवा. बंद दार दिसलं की ढकलायचं, मोठी माणसं कुजबुजली की कान लावायचा, कुणी ‘तिकडे फिरकू नका’ म्हणालं की सायकल नेमकी तिकडेच वळवायची. आपण सगळे असल्या गोष्टींवर पोसलो. त्यातून एक समजूत अंगात मुरली, इतकी की ती समजूत आहे याचीही आठवण राहिली नाही: जे झाकलंय ते उघडं व्हायलाच हवं, आणि उघडं करील तो नायक. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत जमवायचं आणि गुन्हेगाराकडे बोट दाखवायचं.

आता हीच गोष्ट अशा लोकांत नेऊन ठेवा, जिथे माणसाकडे बोट दाखवणं उद्धटपणाचं मानतात आणि काही दाखवायचंच झालं तर ओठ पुढे काढून दाखवतात. जिथे मेलेल्याचं नाव घ्यायला लोक कचरतात, त्याच्या वस्तूंना हात लावत नाहीत. माणूस घरात दगावला तर पूर्वी उत्तरेकडची भिंत फोडून प्रेत बाहेर काढायचे आणि ते घर कायमचं सोडून द्यायचे. जिथे काही कथा फक्त हिवाळ्यातच सांगायच्या असतात. साप आणि अस्वलं झोपी गेल्यावर सुरू करायच्या आणि वसंतातला पहिला गडगडाट झाला की थांबवायच्या. अशा ठिकाणी रहस्यकथेतल्या पोरानं करायचं काय?

अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या प्रदेशात घडणाऱ्या रहस्यकथांचा मला नाद लागला तो या प्रश्नापायी. मोठ्यांसाठीच्या कादंबऱ्यांपासून सुरुवात झाली आणि मग फिनिक्सला राहणाऱ्या भाचीमुळे कुमारवयीन वाचकांच्या पुस्तकांकडे वळले. ती तेरा-चौदाची, सगळ्यांवर शंका घेण्याच्या वयाची. वाचते झपाट्यानं आणि मत देते त्याहून झपाट्यानं.

आधी जागेची थोडी कल्पना द्यायला हवी, कारण या कथांमध्ये निम्मं रहस्य जागाच निर्माण करते. नावाहो स्वतःला दिने म्हणवतात. त्यांचं राष्ट्र (अमेरिकेच्या आत त्यांचं स्वतःचं सरकार आहे, राजधानी विंडो रॉक) ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत पसरलेलं आहे. सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्याहून मोठं. एवढ्या मुलखासाठी नावाहो पोलीस दोनशेच्या आसपास. कित्येक घरांना रस्त्याचं नाव नाही, घरक्रमांक नाही. पत्ता सांगायचा तो पवनचक्की, खडक आणि पाण्याची टाकी यांच्या खुणेनं. त्यातून कायद्याचा गुंता वेगळाच. १८८५च्या कायद्यानं खुनासारखे मोठे गुन्हे केंद्राच्या अखत्यारीत गेले, म्हणजे तपासाला एफबीआय येणार. आणि १९७८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ठरवलं, की आदिवासी न्यायालयाला बिगर-आदिवासी माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. प्रेत कुणाच्या जमिनीवर पडलंय, मेलेला कोण आणि मारणारा कोण, हे कळल्याशिवाय तपास कुणाचा तेच ठरत नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्याला हे सगळं आयतं मिळतं. जगणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

आणखी एक गंमत सांगते, कारण ती वापरणारी कादंबरी मला अजून भेटलेली नाही. उन्हाळ्यात अमेरिका घड्याळं तासभर पुढे करते. ॲरिझोना हे राज्य तसं करत नाही. ॲरिझोनातला नावाहो भाग करतो. पण नावाहो भागाच्या पोटात होपी लोकांचा प्रदेश आहे, आणि तो करत नाही. नावाहोंच्या ट्यूबा सिटीत जेवून रस्ता ओलांडून होपींच्या मोएन्कोपीत गेलात की जेवायच्या आधीची वेळ झालेली असते. तिथून पूर्वेला गाडी हाकत नावाहोंच्या गॅनाडोपर्यंत गेलात की पुन्हा तास पुढे. खुनाच्या वेळी मी दुसरीकडे होतो असं शपथेवर सांगणाऱ्या माणसासाठी याहून सोयीची भूमी देवानं निर्माण केलेली नाही.

या मुलखाला रहस्यकथेच्या नकाशावर आणलं टोनी हिलरमन यांनी. ते नावाहो नव्हते. ओक्लाहोमातल्या एका खेड्यात १९२५ साली जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. गावात जवळची शाळा आदिवासी मुलींची होती, म्हणून शेजारपाजारच्या पोरांबरोबर तोही तिथेच शिकला. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन परतल्यावर १९४५ साली तेलविहिरीचं सामान वाहणारा ट्रक चालवत असताना न्यू मेक्सिकोत त्यांना रस्ता ओलांडणारे नावाहो घोडेस्वार दिसले. ते एका विधीला निघाले होते. युद्धावरून परतलेल्या मुलांसाठी तो विधी होता. शत्रूच्या मृत्यूचा संसर्ग झालेल्या माणसाला शुद्ध करून पुन्हा आपल्यांत, समतोलात आणायचं, असा त्याचा हेतू. इंग्रजीत त्याला ‘एनिमी वे’ म्हणतात. स्वतः लढाईतून, डोळ्याला जखम घेऊन आलेल्या वीस वर्षांच्या तरुणाला ते पाहून काय वाटलं असेल? अमेरिकेनं त्याला पदकं दिली होती. पण त्याच्या आतली लढाई उतरवायची काही पद्धत त्याच्या लोकांकडे नव्हती.

पंचवीस वर्षांनी, १९७० साली, त्यांची पहिली कादंबरी आली आणि तिच्या मध्यभागी हाच विधी होता. हस्तलिखित वाचून त्यांच्या एजंटनं म्हणे सल्ला दिला होता, की पुन्हा लिहायचीच असेल तर त्यातलं ते आदिवासी प्रकरण तेवढं काढून टाका. सुदैवानं ऐकलं नाही. तिथून पुढे नावाहो पोलिसांतला लेफ्टनंट जो लीपहॉर्न, आणि नंतर तरुण जिम ची, अशी दोन पात्रं त्यांनी २००८ साली वारेपर्यंत चालवली. मग लेक ॲन हिलरमन यांनी ती पुढे नेली आणि बर्नाडेट मॅन्युएलिटो या नावाहो पोलीस बाईला पुढे आणलं. हे चांगलं झालं. बापाच्या पुस्तकांतल्या बायका मला कायम पाहुण्यासारख्या वाटत आल्या आहेत.

यांतली मला सगळ्यांत प्रिय ‘डान्स हॉल ऑफ द डेड’, १९७३ची. तिला रहस्यकथांसाठीचा १९७४चा एडगर पुरस्कार मिळाला. ग्रंथालयात ती मोठ्यांच्या कप्प्यात असते, पण मनानं ती कुमार कादंबरीच आहे. दोन शाळकरी मित्र, एक झुनी (हे नावाहोंचे शेजारी, वेगळे आदिवासी) आणि एक नावाहो. झुनी मुलाची त्याच्या गावाच्या मोठ्या धार्मिक सोहळ्यात अग्निदेवाचं सोंग घेण्यासाठी तयारी चाललेली. एके दिवशी तो नाहीसा होतो. मागे उरतं ते जमिनीत मुरलेलं रक्त. नावाहो मित्र पळून जातो. लीपहॉर्नकडे काम येतं ते खुनी शोधायचं नाही, हा पळालेला मुलगा शोधायचं. त्या मुलाच्या घरात बाप दारूत बुडालेला, आई सोडून गेलेली, आणि त्याला वाटतंय की आपण झुनी झालो तर बरं. त्यांच्यात देव तरी आहेत. दुसऱ्याच्या धर्मात शिरू पाहणारं एकटं पोर. मी शेवट सांगणार नाही. पण तो वाचल्यावर कितीतरी दिवस दुसरं काही वाचता आलं नव्हतं.

लीपहॉर्नचं काम करण्याचं तंत्र पाहण्यासारखं आहे. एखाद्या होगनपाशी (नावाहोंचं गोलसर पारंपरिक घर, दार पूर्वेला) तो गाडी थांबवतो आणि गाडीतच बसून राहतो. आतली माणसं आपल्या सवडीनं बाहेर येतील, बोलावतील, तेव्हा उतरायचं. दार वाजवायचं नाही. मग ओळख: मी अमुक कुळात जन्मलो, वडिलांचं कूळ तमुक. आईचं कूळ आधी. आपल्याकडे गावातल्या म्हाताऱ्या ‘कुणाची गं तू?’ असं विचारून दोन मिनिटांत आजोळापर्यंत पोचतात, तसंच हे. फरक इतकाच, की इथे विचारण्याआधी स्वतः सांगायचं. एकदा नातं जुळलं की माणूस बोलेल. आणि तो बोलायचा थांबला तरी लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. त्याला अजून काही म्हणायचं असेल. एफबीआयचा माणूस त्याच घरी जाऊन वही उघडतो, पाच प्रश्न विचारतो आणि रिकाम्या हातानं परततो. हिलरमन हे पुन्हापुन्हा दाखवतात आणि मला दर वेळी मजा येते.

म्हणजे न विचारण्यातून उत्तर मिळवणारा गुप्तहेर. हे खरोखर नवं होतं. नावाहो सरकारनं १९८७ साली हिलरमन यांचा ‘दिनेंचा खास मित्र’ म्हणून सन्मान केला, तो काही उगाच नाही.

पण याच माणसानं एक वाईट सवयही लावून दिली. त्याच्या बऱ्याच कादंबऱ्यांत खुनाभोवती चेटकाचं धुकं असतं: प्राण्याचं कातडं पांघरून रूप बदलणारे दुष्ट मांत्रिक. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. १९८६च्या कादंबरीचं शीर्षकच ते आहे, ज्याला हवं त्याला सापडेल. लीपहॉर्नचा स्वतःचा त्यावर विश्वास नाही, उलट त्या भीतीनं लोक एकमेकांचा जीव घेतात म्हणून त्याला चीड आहे. ही बाजू हिलरमननी प्रामाणिकपणे मांडली. त्यांच्या मागून आलेल्यांनी चीड काढून टाकली आणि भुताटकी तेवढी ठेवली. आज इंटरनेटवर तो शब्द टाकला की व्हिडिओंचा पाऊस पडतो. त्या नावाचं एक गाजलेलं ‘झपाटलेलं’ रँचसुद्धा आहे. ते नावाहोंच्या जमिनीवर नाहीच, उत्तर युटात आहे. २०१६ साली हॅरी पॉटरच्या लेखिकेनं आपल्या जादूच्या जगाचा अमेरिकेतला इतिहास लिहिताना हेच प्रकरण घेतलं आणि ही भीती म्हणजे खोट्या वैदूंनी उठवलेली आवई असं ठरवून टाकलं. आदिवासी वाचक आणि अभ्यासक संतापले. साहजिक आहे. नावाहो घरांमध्ये ज्याच्याबद्दल रात्री बोलतसुद्धा नाहीत, ते तुम्ही पोरांना खाऊसारखं वाटता.

भाचीला अर्थातच सगळ्यांत जास्त रस त्यातच होता. एकदा सुट्टीत आम्ही सगळे कॅन्यन डे शेला गेलो. उंच लाल कड्यांमधली दरी, तळाशी अजूनही नावाहो कुटुंबांची शेतं; म्हणून तळात जायचं तर अधिकृत नावाहो वाटाड्या सोबत लागतो. आमचा वाटाड्या पन्नाशीचा, थट्टेखोर. वाळूतून जीप घालत त्यानं मक्याबद्दल सांगितलं, पीचच्या बागांबद्दल सांगितलं. १८६४च्या सुमाराला किट कार्सन या अमेरिकी अधिकाऱ्याच्या सैन्यानं या दरीतली पीचची हजारो झाडं तोडली, मेंढरं मारली, लोकांना उपाशी पाडून शरण आणलं आणि मग हजारोंना शेकडो मैल चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. १८६८च्या करारानंतर ते परतले. हे सांगताना त्याचा आवाज बदलला नाही. कड्याच्या कपारीत प्राचीन लोकांची पडकी घरं होती, ती त्यानं लांबूनच दाखवली. जवळ न्या म्हटलं तर म्हणाला, तिथे माणसं मेलेली आहेत. मग भाचीनं तो शब्द उच्चारून विचारलं, तुम्ही कधी पाहिलाय का? त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. समोरच्या ओल्या वाळूकडे बघत म्हणाला, इथून पुढे चाकं रुततात, घट्ट धरा. आणि जीप सोडली.

ती नंतर बराच वेळ गप्प होती. आपलं काही चुकलं का, असं तिनं मला विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. पण संध्याकाळी मोटेलवर तिचा मुद्दा तयार होता: ‘मावशी, डिटेक्टिव्हला तर विचारावंच लागतं ना? नाहीतर बुक होणारच नाही.’

मी तिला १९९३ची गोष्ट सांगितली. पुस्तकातली नव्हे, घडलेली.

त्या वर्षीच्या मे महिन्यात न्यू मेक्सिकोतल्या गॅलपजवळ एक तरुण नावाहो खेळाडू, चांगला धावणारा, अचानक श्वास लागून गेला. तो आपल्या वाग्दत्त वधूच्या अंत्यविधीला निघाला होता. तीही काही दिवसांपूर्वी तशीच गेली होती. मग आणखी माणसं. बहुतेक धडधाकट, तरुण. फुप्फुसांत पाणी भरायचं आणि माणूस तासांत संपायचा. कारण कळेना. वार्ताहर लोंढ्यानं आले, अंत्यविधींत घुसले, शोकातल्या कुटुंबांना मृतांची नावं विचारू लागले. नावाहो रीतीत दफनानंतरचे चार दिवस मृताबद्दल बोलायचे नसतात. लोकांनी दारं लावून घेतली. वर्तमानपत्रांनी आजाराला ‘नावाहो फ्लू’ म्हणायला सुरुवात केली, आणि लॉस अँजेलिसच्या एका शाळेनं आपल्या नावाहो पत्रमित्रांना, लहान लहान मुलांना, येऊ नका म्हणून कळवलं.

प्रयोगशाळेनं काही आठवड्यांत शोध लावला: हंता जातीचा एक विषाणू, तोवर अमेरिकेत माहीत नसलेला, हरीण-उंदराच्या मूत्र-विष्ठेतून पसरणारा. पण तो याच वर्षी, इथेच का, हे समजून घेताना नावाहो वृद्धांचं म्हणणं कामाला आलं. त्यांच्याकडे ही गोष्ट आधीपासून होती. पाऊस जास्त झाला की पिन्यॉन पाइनच्या बिया उदंड येतात, उंदीर माजतात आणि मग माणसं मरतात. असं पूर्वीही घडलंय. उंदीर हा बाहेरच्या, रात्रीच्या जगातला. त्याला घरात येऊ द्यायचं नाही, त्याचा स्पर्श झालेले कपडे जाळायचे. आणि खरंच, एल निन्योच्या त्या ओल्या हिवाळ्यानंतर तिथल्या उंदरांची संख्या वर्षभरात दहापटीच्या घरात गेली होती. विषाणूला आधी त्या परिसरातल्या एका दरीचं नाव द्यायचं घाटत होतं. लोकांनी हरकत घेतली. शेवटी त्याचं नाव स्पॅनिशमध्ये ‘निनावी’ असं ठेवण्यात आलं.

ज्यांनी दाराशी येऊन नावं विचारली त्यांना काही मिळालं नाही. नावाहो डॉक्टर आणि आरोग्यसेवक म्हाताऱ्यांसमोर बसले, मेलेल्यांविषयी अवाक्षर न काढता पावसापाण्याचं, बियांचं, उंदरांचं बोलले, आणि त्यांना उत्तर मिळालं. माझ्या मते नावाहो भूमीवरची सर्वोत्तम रहस्यकथा हीच, आणि ती कुणी कुमारांसाठी नीट लिहायला हवी. प्रयोगशाळेचं श्रेय कमी करायची गरज नाही. विषाणू काही म्हाताऱ्यांनी पाहिला नव्हता. पण संशय कुणावर घ्यायचा हे त्यांना ठाऊक होतं.

भाची म्हणाली, ‘पण ते ट्रू आहे ना, फिक्शन नाही.’ तिचं बरोबर होतं. फिक्शनची भानगड वेगळी असते, कारण तिथे प्रश्न पात्रांनी काय विचारावं एवढ्यापुरता राहत नाही. लेखकानं काय उघडावं, हा त्याच्या मागचा प्रश्न.

तो जाहीरपणे पेटला २०१८ साली. रिबेका रोनहॉर्स यांची एक कादंबरी आली, प्रलयानंतरच्या नावाहो भूमीवर राक्षस मारत फिरणाऱ्या तरुणीची. चांगलीच गाजली. रोनहॉर्स स्वतः नावाहो नाहीत. त्यांचे पती आहेत. त्या नोव्हेंबरात दिने लेखकांच्या एका गटानं ‘इंडियन कंट्री टुडे’मध्ये खुलं पत्र लिहून आक्षेप घेतला, की आमच्या पवित्र कथा आणि श्रद्धा यात उचलून वापरल्या आहेत, वाकवल्या आहेत. दुसऱ्या बाजूनं अनेक वाचकांचं म्हणणं होतं, की आमच्या मुलांना पहिल्यांदाच आपल्यासारखी नायिका मिळाली. रोनहॉर्स यांनी २०२० साली शाळकरी मुलांसाठीही एक कादंबरी लिहिली. सातवीतल्या नावाहो मुलीला माणसांच्या वेशातले राक्षस ओळखता येतात आणि तिच्या बापाला पळवून नेलं जातं. वेगवान आहे, विनोदी आहे. पण मला ती वाचताना सतत वाटत राहिलं, की इथे पवित्र कथांमधले कोळी-आजी (जाळं विणणारा कोळी), जुळे वीर, सूर्यपिता हे सगळे एका साहसी खेळाच्या पायऱ्या झालेत. प्रत्येक पायरीवर एक कोडं सोडवायचं आणि एक बक्षीस उचलायचं. हिवाळ्यापुरत्या राखून ठेवलेल्या कथांची ही बारमाही विक्री. पत्र लिहिणाऱ्यांचा सूर काहींना कडवट वाटला. मला तो समजतो. ज्यांच्या मुलांना सरकारी वसतिशाळांमध्ये आपली भाषा बोलल्याबद्दल मार खावा लागला, त्यांनी उरलंसुरलं जपताना थोडं खेकसलं तर बिघडलं कुठे?

तरी फक्त ‘आतल्यांनीच लिहावं’ या तोडग्यानं माझं समाधान होत नाही. आतला माणूससुद्धा मर्यादा ओलांडतो, आणि कधीकधी त्याला ती ओलांडावीच लागते. रमोना एमर्सन या दिने लेखिकेनं अनेक वर्षं अल्बुकर्कच्या पोलिसांसाठी गुन्ह्यांच्या जागी चित्रण करायचं काम केलं. २०२२ साली आलेली त्यांची ‘शटर’ ही कादंबरी अशाच एका छायाचित्रकार तरुणीची आहे. तिला मेलेली माणसं दिसतात, ती तिच्याशी बोलतात, न्याय मागतात. नावाहो घरात वाढलेल्या मुलीला यापरतं भयंकर काय असणार? तिची आजी तिला सांगत राहते, याबद्दल बोलू नकोस. कादंबरीतली बालपणाची आणि किशोरवयाची प्रकरणं मला खुनाच्या तपासापेक्षा कितीतरी सरस वाटली. पुस्तक मोठ्यांचं आहे, रक्तमांस भरपूर. भाचीला इतक्यात देणार नाही. पण निषिद्ध गोष्ट तिथे मसाला म्हणून येत नाही. ती मोडल्याची किंमत प्रत्येक पानावर कुणीतरी चुकवत असतं.

आणि मग ब्रायन यंग. तेही दिने. २०२१ साली त्यांचं ‘हीलर ऑफ द वॉटर मॉन्स्टर’ आलं, पुढच्या वर्षी त्याला अमेरिकन इंडियन युथ लिटरेचर पुरस्कार मिळाला. शहरात वाढलेला, आई-बाप विभक्त झालेला नेथन उन्हाळ्यात वडिलांच्या आईकडे, म्हणजे नालीकडे, राहायला येतो. नालीच्या घरात वीज नाही, नळ नाही. ही काही लेखकानं रचलेली अडचण नव्हे. नावाहो राष्ट्रातल्या जवळपास ३० टक्के घरांत आजही नळाचं पाणी येत नाही. नेथन शाळेच्या प्रयोगासाठी मक्याचं बियाणं पेरतो, आणि रात्रीतून कुणीतरी ते चोरतं. इथे माझ्यातली जुनी वाचक सरसावून बसली. चोर कोण? पोरगं दबा धरून बसतं, चोराच्या मागे वाळवंटात जातं, वाट चुकतं, तहानेनं व्याकूळ होतं आणि त्याला भेटतो एक आजारी जलदैत्य. पाण्याचं राखण करणारा पुराणातला जीव, युरेनियमनं पोखरलेला.

युरेनियम मात्र पुराणातलं नाही. १९४४ ते १९८६ या काळात नावाहो भूमीतून सुमारे ३ कोटी टन खनिज उपसलं गेलं, आणि पाचशेहून जास्त खाणी तशाच उघड्या टाकल्या. १६ जुलै १९७९ला चर्च रॉकपाशी गाळाचा बांध फुटला आणि ९ कोटी ४० लाख गॅलन किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेलं. मेंढरं तिथलंच पाणी पीत होती. म्हणजे यंग यांच्या गोष्टीतला गुन्हेगार शोधायला शेवटच्या प्रकरणात कुणाला खोलीत जमवायचीही गरज नाही. तो सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न आहे तो आजारी पडलेल्याला बरं कसं करायचं.

आणि या पुस्तकात ‘एनिमी वे’ पुन्हा येतो. नेथनचा काका सैन्यातून परतलेला, आतून मोडलेला, दारूकडे झुकलेला. घरातली माणसं त्याच्यासाठी विधी करायचं ठरवतात. १९४५ साली एका परक्या जखमी तरुणानं ट्रकमधून जे लांबून पाहिलं, ते इथे घरातल्या मुलाच्या नजरेतून येतं, जेवणाखाण्याच्या तयारीसह, काका तयार होईल की नाही या धाकधुकीसह. हिलरमन यांची पहिली कादंबरी आणि हे पुस्तक यांमध्ये पन्नास वर्षं आहेत. हिलरमन यांच्याकडे विधी हा तपासाचा दुवा होता: कुणी केला, कुणासाठी केला, त्यावरून लीपहॉर्नला माग लागतो. यंग यांच्याकडे त्यातून काहीच सिद्ध होत नाही. काकाला बरं वाटावं, बस. मला हे दुसरं जास्त भावलं, आणि तरीही रात्री दोनपर्यंत जागून मी वाचते ती हिलरमन यांचीच पुस्तकं. आवड आणि मत यांचं नेहमी जुळतंच असं नाही.

भाचीचा मात्र यंग यांच्यावर राग आहे. बियाणं चोरणारा कोण हे पुस्तकाच्या सुरुवातीलाच कळतं (एक शिंगवाला सरडा), आणि पुढे रहस्य असं काही उरतच नाही, ही तिची तक्रार. ‘ही मिस्टरी आहेच कशी? कोणीच लपवत नाहीये.’ मी म्हटलं, काका लपवतोय की. त्याला काय झालंय ते कुणी थेट विचारतच नाही, नेथनसुद्धा नाही. तो शेजारी बसून राहतो, आणि कधीतरी काका आपणहून बोलतो. ती म्हणाली, ते तर नुसतं वेटिंग झालं. मी म्हटलं, लीपहॉर्नही गाडीत बसून तेच करतो. त्यावर तिचं म्हणणं, की लीपहॉर्नच्या वेळी निदान कुणीतरी मेलेलं असतं.

हा वाद अजून मिटलेला नाही. दुसरा भाग २०२३ साली आला, तो तिनं माझ्या आधी वाचून संपवलाय आणि त्यात काय होतं ते सांगायला साफ नकार देतेय.